दीड इंच

अ‍ॅबिलीनला जुलैत डांबर मऊ होतं,
चपलेला चिकटून दुकानात येतं.
अशा उन्हात ड्वेन केसलर जाकीट घालून उभा.
"कमरेत दीड इंच सैल करा, मिसेस बुगड."
मी टेप लावते.
मार्चमध्ये छत्तीस होता, आजही छत्तीस.
पोट वाढलेलं नाही.

मी विचारत नाही. खडू घेते.

सोळा वर्षं झाली, ड्रायक्लीनरच्या या मागच्या खोलीत
गिऱ्हाइकं माझ्याकडे उलटी होऊन येतात,
अस्तर वर, टिपा उघड्या.
उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली
तळहाताएवढं अस्तर झिजून चकाकतं
आणि कडेला एक फिकट डाग,
ज्याला माझ्या मशीनच्या तेलासारखाच वास.
दोघांनाही तेच तेल लागत असेल.
रॉकेलचा बोळा फिरवते, डाग जातो,
वास राहतो.

दुकानात टाचणी पडली
तर कोण कमरेतून वाकतं, कोण गुडघ्यातून,
हे मला न बघताही कळतं.
शर्ट एक नंबर मोठा, बाहेर सोडलेला,
बहुतेक चौकडीचा, कारण चौकडीत उंचवटा हरवतो.
आणि हात. हात मधूनच तिथं जाऊन येतो,
झोपलेलं मूल अजून झोपलंय ना, तसा.

इचलकरंजीला आई कनवटीला पैसे खोचायची.
पगाराच्या दिवशी कारखान्यापासून घरापर्यंत
तिचा हात असाच जाऊन यायचा,
आणि अख्ख्या गल्लीला कळायचं आज शनिवार.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे.
पण झाकलीय, एवढं तर दिसतंच की.

एकदा चुकले.
एमिलियो बार्रेरा, लायब्ररीत काम करणारा पोरगा,
डाव्या कमरेला फुगवटा, अंगात ढगळ शर्ट.
दातांत टाचण्या धरून मी लांबूनच माप घेत होते,
हात असे लटपटत होते की त्यालाच कळलं.
त्यानं शर्ट वर केला:
काड्यापेटीएवढी डबी, तिची नळी पोटात.
"इन्सुलिन," म्हणाला, "सेल संपला की बोंबलतं."
हसला बिचारा.
मी त्या पॅन्टचे पैसे घेतले नाहीत,
का ते सांगितलंही नाही.

आणि लोरेटा प्रुएट, चर्चमध्ये पियानो वाजवणारी,
फुलाफुलांचा फ्रॉक, मनगटं पावासारखी,
दर नाताळाला मला अक्रोडाचा केक.
तिच्या पर्सला आतून वेगळा कप्पा, त्याची चेन बिघडलेली.
"ही पटकन उघडली पाहिजे गं," म्हणाली,
"अडकून चालणार नाही."
मी चेन बदलली. मेण लावलं. दहादा ओढून पाहिली.
तिनंही पाहिली. डोळे मिटून.

मग परवा रविवारी
यांनी आपली खाकी पॅन्ट मशीनवर आणून ठेवली.
हे रात्रपाळीला असतात, हायवेवरच्या मोटेलात, काउंटरवर.
फेब्रुवारीत तिथं काहीतरी झालं.
किती झालं ते मला अर्धंच ठाऊक.
"जरा सैल कर कमरेत," भिंतीकडं बघत म्हणाले.
"किती?"
"कर की. दीडेक इंच."

टेप गळ्यातच होती. लावली नाही.
यांचं पोट मला माहीत आहे,
तीस वर्षं भाकऱ्या मोजून वाढतेय.

माणूस पुढं सुटेल म्हणून
मी आत दाबा नेहमी जास्तच ठेवते.
उसवायला बसले. खटखट टाके निघाले.
आतलं कापड अजून नवं होतं,
उन्ह न लागलेल्या कातडीसारखं.
दीड इंच निघालं, बरोबर.
हे दारात उभे होते, काही बोलावं म्हणून,
का मी बोलावं म्हणून, कोण जाणे.
मशीन दोनदा थांबवलं मी. दोनदा दोरा बघितल्यासारखं केलं.

इस्त्री करून पॅन्ट हातात दिली.
वर घालायला त्यांनी निळा रेघांचा शर्ट काढला होता.

"तो नको," मी म्हणाले, "चौकडीचा घाला.
रेघा मोडतात."